घोडशीर तुटते तेव्हा

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. इतर शहरांतली मैदाने रविवारी गजबजतात, इथली गुरुवारीही. टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, क्वचित कबड्डी. खेळणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले. सहा दिवस मशीनपुढे किंवा टेबलापाशी काढायचे आणि सातव्या दिवशी एकदम जीव खाऊन धावायचे, असा हा क्रम. अशा सामन्यांत कधीकधी जे घडते त्याचे वर्णन जगभरचे रुग्ण जवळजवळ सारख्याच शब्दांत करतात. धाव घेण्यासाठी पाय रेटला, 'फट्' असा आवाज आला आणि मागून कुणीतरी टाचेच्या वर लाथ मारली असे वाटले. वळून पाहिले तर मागे कुणीच नाही.

तुटलेली असते ती टाचेमागची जाड शीर. पण पुढचा भाग फसवा आहे. कळ थोड्या वेळात ओसरते. खेळाडू लंगडत का होईना, चालत घरी जातो. 'पाय मुरगळलाय, होईल बरा' असे सगळेच म्हणतात. हळदीचा लेप, पट्टी, थोडे चोळणे. क्ष-किरण चित्र काढले तरी त्यात हाड शाबूत दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. तीन-चार आठवड्यांनी सूज उतरते, दुखणेही थांबते; तरी जिना चढताना पायात बळ येत नाही. तोवर सोप्या उपचाराची वेळ निघून गेलेली असते. या दुखापतींपैकी पाचातली एक तरी पहिल्या तपासणीत निसटते असे परदेशी रुग्णालयांचे अनुभव सांगतात. आणि ती ओळखण्याची मुख्य चाचणी तर दहा सेकंदांची आहे, तिला कोणतेही उपकरण लागत नाही!

आधी शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत 'शीर' हा शब्द फार ऐसपैस आहे. रक्तवाहिनीही शीर, चेतातंतूही शीर आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरीही शीर. यातली तिसरी म्हणजे कंडरा. शालेय पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हटलेले असते. पोटरीतले दोन मोठे स्नायू खाली निमुळते होत जातात आणि त्यांची मिळून एक कंडरा होते, ती टाचेच्या हाडाला चिकटते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. शरीरातली सर्वांत जाड व बळकट कंडरा हीच. जुनी माणसे तिला घोडशीर म्हणतात, कुठे धोंडशीरही म्हणतात. वैद्यकात ती अकिलीजची कंडरा म्हणून ओळखली जाते. ग्रीक वीर अकिलीजचा मर्मबिंदू टाचेत होता, आपल्याकडे जरा व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या तळपायाला लागला तसाच काहीसा प्रकार. कंडरेला हे नाव दिले ते फ्लँडर्समधील शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेन यांनी, १६९३ साली. धर्मशास्त्राचा हा विद्यार्थी डावा पाय कापावा लागल्यामुळे वैद्यकाकडे वळला होता. स्वतःच्याच कापलेल्या पायाचे विच्छेदन करताना त्यांना हे नाव सुचले अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकावी.

या कंडरेवर भार किती पडतो? फळ्यावर मांडण्याजोगे हे गणित आहे. ६० किलो वजनाचा माणूस एका पायाच्या चवड्यावर उभा आहे. घोट्याच्या सांध्यापासून चवडा साधारण १२ सेंटिमीटर पुढे आणि कंडरा ५ सेंटिमीटर मागे धरू. घोटा हा टेकू. जमीन चवड्याला ६० किलो वजनाइतक्या बलाने वर रेटते. तेव्हा कंडरेतला ताण ६० गुणिले १२ भागिले ५, म्हणजे १४४ किलो वजनाइतका. नुसते चवड्यावर उभे राहिले तरी वजनाच्या जवळजवळ अडीच पट ओढ!

इथे एक जुना गोंधळही निस्तरता येईल. काही पुस्तकांत चवड्यावर उभे राहणे हे दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून देतात. चवडा हा टेकू, घोट्यावर ६० किलो भार, म्हणून कंडरेला वजनापेक्षा कमीच बल लागते, असे त्यातून निघते. चूक अशी की पोटरीचा स्नायू स्वतः त्याच पायाला बांधलेला आहे. तो टाच वर ओढतो तेव्हा नडगीचे हाड तितक्याच बलाने खाली दाबले जाते. घोट्यावर भार ६० नव्हे, तर ६० अधिक १४४, म्हणजे २०४ किलो. आता चवडा टेकू धरा: २०४ गुणिले १२ आणि १४४ गुणिले १७, दोन्ही २४४८. टेकू कुठेही धरा, उत्तर तेच येते. चुणचुणीत विद्यार्थ्यांना हे स्वतःच शोधू द्यावे.

धावताना भार आणखी वाढतो. फिनलंडचे संशोधक पाव्हो कोमी यांनी स्वयंसेवकांच्या कंडरेभोवती बलमापक बसवून धावताना मोजणी केली. ताण नऊ हजार न्यूटनपर्यंत, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेबारा पट गेला. एका छोट्या मोटारीचे वजन पायाच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोरीला क्षणभर टांगल्यासारखेच हे आहे. निरोगी कंडरा हे रोज सोसते.

मग ती तुटते का? बहुतेकदा ती आधीच आतून झिजलेली असते, दुखत मात्र नसते. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग सर्वांत निमुळता, आणि रक्तपुरवठाही तिथेच तोकडा. तुटण्याची जागा बहुधा हीच. शिवाय कंडरेची दुरुस्ती शरीर किती कमी करते याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाले आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर हळूहळू उतरले. झाडांतून, अन्नातून ते त्या त्या काळातल्या माणसांच्या शरीरात गेले. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या कंडरांतला हा कार्बन मोजला. कंडरेच्या गाभ्यात सापडला तो त्यांच्या पहिल्या सतराएक वर्षांतला. नंतरचा जवळजवळ नाहीच. स्नायू, त्वचा, रक्त सतत नवे होत राहते, पण घोडशिरेचा गाभा शाळा संपेपर्यंत जो बनला तोच पुढे जन्मभर पुरवायचा असतो. दहावीच्या वर्गासमोर उभे राहून हे सांगताना आम्हाला दर वेळी थोडे विचित्र वाटते.

काही औषधेही कंडरेला बाधतात. पिंपरी हे नाव देशाच्या नकाशावर आले ते प्रतिजैविकांमुळे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना इथे १९५४ साली झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. पेनिसिलिनचा कंडरेला त्रास नाही. पण नंतर आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातल्या प्रतिजैविकांमुळे घोडशीर सुजण्याचा व तुटण्याचा धोका वाढतो. कोलॅजेन कातरणाऱ्या विकरांचे प्रमाण ती वाढवतात आणि कंडरेतल्या पेशींचे काम मंदावते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. धोका तसा थोडा आहे; साठीच्या पुढे, मूत्रपिंडाच्या विकारात आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर तो वाढतो. या गोळ्या घेताना टाचेमागे दुखू लागले तर धावणे-उड्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र परस्पर सोडू नये, विशेषतः क्षयाच्या उपचारात. कंडरेतच स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचा आग्रह रुग्णांनीही धरू नये. दुखणे थांबते, पण दोरी कच्ची होते.

आता मुख्य प्रश्न. कंडरा पूर्ण तुटली तर पाऊल खाली दाबताच येऊ नये, मग माणूस चालतो कसा? कारण पाऊल खाली वळवणारी घोडशीर एकटी नाही. घोट्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूने जाणारे आणि बोटे दुमडणारे काही छोटे स्नायू हे काम थोडेफार करू शकतात. 'पाऊल खाली दाबा' असे डॉक्टरांनी म्हटले की रुग्ण या स्नायूंच्या जोरावर ते दाबून दाखवतो. घोडशीर शाबूत आहे असा समज होतो तो इथेच. तिच्यावाचून जमत नाही ते एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे. पण ताज्या दुखापतीत हे करून पाहायला सांगणे बरे नव्हे.

त्याऐवजी रुग्णाला पालथे झोपवावे, पावले बाकाच्या कडेबाहेर सैल लोंबू द्यावीत आणि पोटरी मधोमध हाताने हळू पण ठाम दाबावी. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली, म्हणजे चवड्याच्या दिशेने, वळते. तुटली असेल तर ते ढिम्म राहते. आधी चांगला पाय दाबून पाहावा, मग दुखरा; फरक लगेच डोळ्यांत भरतो. ही चाचणी इंग्लंडच्या सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि अमेरिकेच्या थॉम्प्सन यांनी १९६२ मध्ये मांडली. इथे रुग्णाने काहीच करायचे नसते, म्हणून मदतनीस स्नायूंना घोटाळा करायला वाव राहत नाही. पोटरी दाबल्यावर पाऊल का वळते? अंगणात दोन खुंट्यांना ताणून बांधलेली दोरी मधोमध बाजूला ओढा; खुंट्या आत झुकतात. दाबामुळे स्नायू व कंडरा हाडापासून मागे फुगतात आणि खालचे टोक, म्हणजे टाच, वर खेचली जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चाचणीने दर १०० तुटलेल्या कंडरांपैकी ९६ बरोबर ओळखल्या. बोटाने चाचपून खाच शोधण्याची पद्धत मात्र शंभरात ७३ वेळाच यशस्वी झाली, कारण सूज आणि गोठलेले रक्त खाच भरून टाकते.

दुसरी चाचणी नुसती पाहण्याची आहे. पालथ्या रुग्णाला दोन्ही गुडघे काटकोनात वाकवायला सांगावे. चांगल्या पायाचे पाऊल किंचित छताकडे उचललेले राहते, कारण विश्रांतीतही पोटरी कंडरेला थोडी ओढून धरते. तुटलेल्या बाजूचे पाऊल सपाट होते किंवा नडगीच्या बाजूला पडते.

तिसरी चाचणी विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. रक्तदाब मोजायचा पट्टा पोटरीभोवती गुंडाळायचा, पाऊल खाली वळवलेले ठेवून पट्ट्यात पाऱ्याच्या १०० मिलिमीटरइतका दाब भरायचा आणि मग पाऊल हाताने वर ढकलायचे. कंडरा शाबूत असेल तर स्नायू ताणला जाऊन दाब १४० च्या आसपास चढतो. तुटली असेल तर काटा जागचा हलत नाही. निरोगी विद्यार्थ्यावर ही चाचणी आणि पहिली चाचणी वर्गात सहज दाखवता येते. दुखावलेल्या पायावर मात्र एकदाच, हलक्या हाताने करावी. पाऊल हलले नाही तर पुन्हा पुन्हा दाबून खात्री करून घेण्याची हौस नको. तिथून पुढे काम डॉक्टरांचे. सोनोग्राफीत टोकांमधले अंतर कळते आणि पाऊल खाली वळवल्यावर टोके एकमेकांना भिडतात का हेही दिसते.

मैदानावरचा प्रथमोपचार यातूनच सुचतो. रुग्णाला चालू देऊ नये. पाऊल खाली वळलेल्या अवस्थेतच फळी किंवा पुठ्ठ्याने बांधावे, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या, अस्थिरोग विभाग असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी न्यावे. 'घोडशीर तपासा' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. चोळणे नको.

घोडशीर खेळातच तुटते असे नाही. ती कापलीही जाते, आणि आपल्या देशात हा प्रकार बराच आढळतो. फुटलेल्या कडेच्या भारतीय पद्धतीच्या संडासाच्या भांड्यात पाय घसरतो आणि चिनी मातीची धार टाचेमागे लागते. लहान मुलांची टाच सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या आऱ्यांत जाते. दुचाकी बनवणाऱ्या या पट्ट्यात शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहिले की मागे बसलेली कितीतरी मुले दिसतात. पाय पायदाणीपर्यंत पोचत नाहीत आणि टाचा चाकाशेजारी लोंबतात. मोटरसायकलचे मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो. कपडे अडकू नयेत हा त्याचा हेतू, पण टाचाही त्यानेच वाचतात. दिसायला बरे म्हणून ती जाळी काढून टाकणारे पालक आहेतच. अशी जखम लहान दिसली तरी नुसती शिवून घरी पाठवू नये. आत कंडरा कापली आहे का हे तिथेच पाहावे लागते.

उपचाराचे तत्त्व समजायला स्कूटरची क्लचची तार आठवावी. तार तुटून पुन्हा जोडली, पण इंचभर लांब झाली, तर दांडा पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. घोडशिरेचे तसेच आहे. ती जुळून येणे जितके महत्त्वाचे, तितकेच योग्य लांबीवर जुळून येणे. लांब होऊन जुळली तर स्नायू कितीही आकसला तरी टाच पुरेशी उचलली जात नाही. उशीर झालेल्या रुग्णांत नेमके हेच होते: मधल्या फटीत सैल व्रणऊती भरते आणि वरचा स्नायू आखडतो. तीन-चार आठवड्यांनंतर बहुधा दुसऱ्या कंडरेचा तुकडा घेऊन मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

ताज्या दुखापतीत दोन मार्ग आहेत. पाऊल खाली वळवून प्लास्टरमध्ये किंवा टाचेखाली पाचरी घातलेल्या बुटात ठेवायचे आणि दर एक-दोन आठवड्यांनी पाऊल थोडे थोडे सपाट करत आणायचे. किंवा शस्त्रक्रिया करून टोके शिवायची आणि नंतर तेच. शस्त्रक्रिया म्हणजे पक्के काम, प्लास्टर म्हणजे गरिबाचा उपाय, असा समज आपल्याकडे रुजला आहे. नॉर्वेत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५२६ रुग्णांची तुलना झाली. वर्षभरानंतर पायाच्या कामात दोन्ही मार्गांमध्ये फरक नव्हता. कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना शंभरात सुमारे ६, शस्त्रक्रियेने एकाहूनही कमी. उलट चेतातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना शंभरात एकाहून कमी, उघड्या शस्त्रक्रियेत सुमारे ३ आणि छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत सुमारे ५. शिवाय टाचेवरची कातडी पातळ असल्याने जखम चिघळण्याची भीती वेगळीच. म्हणजे निवड करावीच लागते आणि ती माणसागणिक बदलते. मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारा किंवा साठीचा रुग्ण आणि पंचविशीचा कबड्डीपटू यांना एकच उत्तर लागू पडायचे कारण नाही. आमचे मत विचाराल तर शस्त्रक्रिया हवी की नको यापेक्षा उपचार कितव्या दिवशी सुरू झाला आणि पुढचे व्यायाम कोण करून घेणार, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. प्लास्टर किंवा बूट असताना पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा दम लागला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

बूट साधारण दोन महिने. हलके धावणे चार ते सहा महिन्यांनी, मैदानावर परत येणे नऊ महिने ते वर्षाने. आता या पट्ट्यातल्या कामगाराचा हिशेब पाहा. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा रोख लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, वेतनाच्या ७० टक्के दराने. कामावर झालेल्या दुखापतीला तरतूद अधिक चांगली आहे, पण गुरुवारच्या सामन्यातली दुखापत बहुधा आजारपणाच्याच खात्यात जाते. बसून करायचे काम असेल तर ९१ दिवस पुरतात. शिडी चढणे, गाडी ढकलणे, आठ तास उभे राहणे असेल तर पुरत नाहीत. कंत्राटी कामगाराची तर जागाच भरली जाते. मग तो दहाव्या-बाराव्या आठवड्यात बूट काढून कामावर जातो. कंडरा पुन्हा तुटण्याचे किंवा ताणून लांब होण्याचे प्रसंग बरेचदा याच काळातले.

पाय तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी भौतिकोपचार तज्ज्ञ एक साधी मोजणी करतात. भिंतीला बोटे टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाच उचलायची आणि खाली आणायची. निरोगी तरुण माणसाला सलग पंचवीसएक वेळा हे जमते. बऱ्या झालेल्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या आकड्याशी ताडायचा. टाच किती उंच जाते हेही भिंतीवर खडूने खूण करून पाहायचे. संख्या सारखी पण उंची कमी असेल तर कंडरा लांब झाल्याची शंका घ्यावी. तीन महिन्यांनी बऱ्याच जणांना अशी एकदाही टाच उचलता येत नाही, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण तोपर्यंत त्या माणसाला शिडीवर पाठवू नये, आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर 'हलके काम' एवढेच न लिहिता कोणते काम नको ते लिहून घ्यावे: शिडी नको, उडी नको, ढकलगाडी नको.